वाढत्या वयातील पुरुषाची जननसंस्था : घरच्यांनी ओळखून घ्यावी अशी रचना

साठी ओलांडलेला पुरुष दवाखान्यात येतो तेव्हा रक्तदाब, गुडघेदुखी, खोकला, झोप या सर्वांविषयी मोकळेपणाने बोलतो. तपासणी आटोपते, औषधांची चिठ्ठी हातात पडते, सोबत आलेली मुलगी किंवा सून दाराबाहेर जाते आणि मग उठता उठता तो हलक्या आवाजात म्हणतो, ‘‘डॉक्टर, जरा खालचा त्रास आहे.’’ विचारपूस केल्यावर कळते की हा त्रास सहा महिन्यांचा, कधी कधी दोन वर्षांचाही असतो. तोवर एखाद्याची लघवी तुंबू लागलेली असते, एखाद्याच्या जांघेतला फुगवटा नारळाएवढा झालेला असतो, तर एखाद्याचा आजार हाडांपर्यंत पोहोचलेला असतो. यांतील कितीतरी गोष्टी वेळीच कळल्या असत्या तर गोळ्यांनी किंवा लहानशा शस्त्रक्रियेने आटोक्यात आल्या असत्या.

हा उशीर होण्यामागे संकोच तर असतोच. पण आणखी एक कारण असते. या अवयवांची रचना घरात कोणालाच नीट ठाऊक नसते. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातील ती आकृती घाईघाईने उलटली जाते आणि पुढे ते पान आयुष्यभर मिटलेलेच राहते. वास्तविक, वडिलांची, सासऱ्यांची किंवा पतीची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला या रचनेची ओळख असणे फार गरजेचे आहे. कारण या भागात दुखणे एका ठिकाणी आणि त्याचे मूळ दुसऱ्या ठिकाणी, असे वारंवार घडते. कोणता अवयव कोणाला लागून आहे हे समजले की लक्षणांचा अर्थ लागतो आणि घाई केव्हा करायची हेही कळते.

दोन कामे, एकच मार्ग

स्त्रीच्या शरीरात मूत्रमार्ग आणि जननमार्ग वेगवेगळे असतात. तिचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असतो. पुरुषात मात्र दोन्ही कामांसाठी एकच नळी असते आणि तिची लांबी सुमारे १८ ते २० सेंटिमीटर भरते. ही नळी मूत्राशयाच्या तळाशी सुरू होते, पौरुषग्रंथीच्या मधून आरपार जाते, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ओलांडते आणि शिश्नातून बाहेर पडते. पौरुषग्रंथीच्या आतच वीर्य वाहून आणणाऱ्या दोन वाहिन्या तिला येऊन मिळतात. म्हणूनच या नळीला मूत्रजननमार्ग असेही म्हटले जाते.

या सामायिक मार्गामुळेच जननसंस्थेतील बिघाड बहुधा लघवीच्या तक्रारीच्या रूपाने समोर येतो. याच्या उलटही घडते. लघवीसाठी नळी घातलेल्या वृद्धाचा एक वृषण अचानक सुजतो, लाल होतो आणि ताप भरतो. जागा नवी असली तरी आजार बहुधा जुनाच असतो. लघवीतील जंतू शुक्रवाहिनीतून मागे जाऊन वृषणालगतच्या नलिकेत पोहोचलेले असतात. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

वृषण आणि जांघ

वृषण दोन असतात. प्रत्येकाची लांबी साधारण चार ते पाच सेंटिमीटर. डावा वृषण उजव्यापेक्षा थोडा खाली असणे हे बहुतेक पुरुषांत स्वाभाविक आहे. शुक्रजंतू तयार होण्यासाठी शरीरापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस कमी तापमान लागते. म्हणून हे अवयव पोटाबाहेर, वृषणकोशाच्या पिशवीत असतात. परंतु त्यांचा जन्म तेथला नाही. गर्भावस्थेत वृषण पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ तयार होतात आणि जन्माच्या सुमारास जांघेतील वाटेने खाली उतरतात. उतरताना आपल्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू ते सोबत घेऊन येतात. या एका प्रवासातून उतारवयातील अनेक तक्रारींचा उलगडा होतो.

पहिली तक्रार अंतर्गळाची, म्हणजे हर्नियाची. ज्या वाटेने वृषण उतरले ती जागा पोटाच्या भिंतीत कायमची थोडी कमकुवत राहते. वय वाढले की स्नायू सैल होतात आणि जुना खोकला, बद्धकोष्ठ किंवा लघवीसाठी कुंथणे यांच्या दाबाने आतडे त्या वाटेने खाली सरकते. म्हणून वृद्धाला नव्याने हर्निया झाला असेल तर त्याला लघवी करताना जोर लावावा लागतो का, हे अवश्य विचारावे. आडवे झाल्यावर आत जाणारा फुगवटा आत जाईनासा झाला, दुखू लागला, त्यासोबत उलट्या झाल्या, तर आतडे अडकले आहे असे समजून तत्काळ रुग्णालय गाठावे.

दुसरी गोष्ट वेदनेची. मूत्रपिंडातून खाली सरकणाऱ्या मुतखड्याची कळ पाठीतून निघून थेट वृषणात उतरते. वृषण तपासला तर निर्दोष असतो. दोघांचे मज्जातंतू मात्र एकाच परिसरातून आलेले असतात. तसेच डाव्या वृषणाची मुख्य शीर डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जाऊन मिळते. तरुणपणापासून असलेला शिरांचा गुंता सहसा निरुपद्रवी असतो. परंतु उतारवयात तो नव्याने दिसू लागला आणि आडवे झाल्यावरही ओसरत नसेल, तर मूत्रपिंडाची सोनोग्राफी करून घ्यावी. मूत्रपिंडातील गाठीची ती पहिली खूण असू शकते.

वृषणाभोवतीच्या आवरणात पाणी साठून होणारी अंडवृद्धी आपल्याकडे पुष्कळ आढळते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या हत्तीरोगाच्या पट्ट्यात तर ती फार परिचयाची आहे. ती बहुधा दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षे धोतराआड किंवा लुंगीआड लपवली जाते. तिच्यावरील शस्त्रक्रिया साधी असते. वृषणातच दगडासारखी टणक, न दुखणारी गाठ लागत असेल तर मात्र वाट पाहू नये. वृषणाचा कर्करोग प्रामुख्याने तरुणांत होतो हे खरे. पण साठीनंतर याच जागी लसिकापेशींचा कर्करोग उद्भवू शकतो.

वृषणाचे दुसरे काम म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार करणे. स्त्रीची रजोनिवृत्ती जशी ठरावीक काळात होते, तसा पुरुषात तीव्र उतार नसतो. मध्यम वयानंतर दरवर्षी साधारण एक टक्का अशी संथ घट होत राहते. म्हातारपणीच्या प्रत्येक थकव्याचे खापर या संप्रेरकावर फोडून इंजेक्शने घेणे योग्य नाही. रक्तक्षय, मधुमेह, थायरॉइड, औदासीन्य ही कारणे आधी तपासावी लागतात.

वीर्याविषयीचे गैरसमज

वृषणाच्या मागे एक अतिशय वळसेदार नलिका असते, ती म्हणजे अधिवृषण. ती उलगडली तर सुमारे सहा मीटर लांब होईल. शुक्रजंतू तिच्यात परिपक्व होतात आणि पुढे शुक्रवाहिनीतून जांघेमार्गे वर चढून, मूत्राशयाला वळसा घालून पौरुषग्रंथीपाशी पोहोचतात. वीर्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग मूत्राशयामागील शुक्राशयांत तयार होतो, उरलेल्यापैकी बराचसा पौरुषग्रंथीत. वृषणांतून येणारा वाटा अवघा काही टक्क्यांचा असतो.

हे समजले की दोन जुन्या समजुती आपोआप गळून पडतात. ‘धातू गेल्याने शक्ती गेली’ या कल्पनेला शरीररचनेत कोणताही आधार नाही. दुसरी समजूत नसबंदीची. आज ऐंशीच्या घरात असलेल्या अनेकांची नसबंदी १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात झाली आणि त्यांतील काही जण आजही कंबरदुखीपासून अशक्तपणापर्यंत सर्व काही तिच्या माथी मारतात. त्या काळात झालेल्या सक्तीची जखम खोल आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. शस्त्रक्रियेत मात्र केवळ शुक्रवाहिनी तोडली जाते. टेस्टोस्टेरॉन त्या वाहिनीतून जात नाही, ते थेट रक्तात मिसळते. जुन्या नसबंदीला दोष देत बसल्याने आजचा नवा आजार दुर्लक्षित राहतो, हा खरा धोका आहे.

पौरुषग्रंथी : लहान अवयव, मोठा त्रास

पाठ्यपुस्तकात जिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात आणि बोलण्यात जिला आपण प्रोस्टेट म्हणतो, ती ही पौरुषग्रंथी. तरुण वयात ती अक्रोडाएवढी, सुमारे २० ग्रॅम वजनाची असते. मूत्राशयाच्या खाली, गुदाशयाच्या अगदी पुढे तिचे स्थान असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. चाळिशीनंतर तिचा मधला, मूत्रमार्गालगतचा भाग हळूहळू वाढू लागतो. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत आणि पंच्याऐंशीच्या सुमारास दहांपैकी नऊ जणांत ही वाढ आढळते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. बाहेर वाढायला जागा असूनही ती आतील नळी आवळते, म्हणून लक्षणे दिसतात. लघवी सुरू व्हायला वेळ लागणे, धार बारीक होणे, मध्येच थांबणे, संपल्यावरही थेंब गळणे आणि रात्री वारंवार उठावे लागणे ही ती लक्षणे.

त्रास ग्रंथीच्या आकारावर अवलंबून नसतो. मोठ्या ग्रंथीचा गृहस्थ निवांत असतो आणि लहान ग्रंथीचा हैराण. रात्री उठावे लागण्याची कारणेही अनेक असतात. मधुमेह, हृदय कमकुवत असणे, पायांवरील सूज, संध्याकाळी उशिरा घेतलेली लघवीची गोळी यांचाही त्यात हात असतो. तरीही या लक्षणाला क्षुल्लक मानू नये. अंधारात घाईने उठून पडणे आणि मांडीचे हाड मोडणे हे अनेक घरांतील दुर्दैवी वास्तव आहे. पलंगापासून मोरीपर्यंत मंद दिवा ठेवावा आणि पलंगाजवळ लघवीचे भांडे ठेवावे. या दोन साध्या उपायांनी मोठा अपघात टळू शकतो.

आता घरच्यांनी लक्षात ठेवावी अशी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लघवी तुंबणे दोन प्रकारे होते. एका प्रकारात ती अचानक पूर्ण थांबते, ओटीपोट फुगते, वेदना असह्य होतात. हे कोणाच्याही लक्षात येते. दुसरा प्रकार फसवा आहे. मूत्राशय हळूहळू ताणले जाते, त्याची संवेदना मंदावते आणि तुडुंब भरलेल्या टाकीतून पाणी ओसंडावे तशी लघवी सतत ठिबकत राहते. घरच्यांना वाटते, ‘आता ताबा राहिला नाही’, आणि डायपर बांधला जातो. आत मात्र मूत्रपिंडांवर उलटा दाब येत राहतो आणि ती निकामी होऊ शकतात. म्हणून ज्येष्ठाची लघवी नव्याने ठिबकू लागली तर डायपरच्या आधी सोनोग्राफी करावी आणि लघवी झाल्यानंतर मूत्राशयात किती लघवी उरते ते मोजून घ्यावे. स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध अचानक अस्वस्थ झाला, ओरडू लागला, कपडे ओढू लागला, तर त्याच्या ओटीपोटावर हात ठेवून पाहावे. दुखणे सांगता येत नसलेल्या माणसाचे तुंबलेले मूत्राशय असेच बोलते.

औषधांबाबतही सावध राहावे लागते. सर्दीसाठी दुकानातून सहज आणलेल्या गोळीत नाक मोकळे करणारे आणि खाज थांबवणारे घटक असतात. त्यांनी मूत्राशयाचे तोंड आवळते, त्याचे स्नायू सुस्तावतात आणि काठावर असलेल्या वृद्धाची लघवी एका रात्रीत बंद होऊ शकते. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांनी उभे राहताना रक्तदाब घसरून चक्कर येऊ शकते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी ही गोळी चालू असल्याचे किंवा पूर्वी घेतल्याचे नेत्रतज्ज्ञांना सांगावे, कारण ती बुबुळाच्या पडद्यावरही परिणाम करते. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ही औषधे ग्रंथी लहान करतात. पण त्यांचा गुण येण्यास सहा महिनेही लागतात. महिनाभरात ‘फरक नाही’ म्हणून ती सोडू नयेत.

कर्करोग कोठे दडतो

पौरुषग्रंथीचा कर्करोग बहुतांशी ग्रंथीच्या बाहेरील, मागच्या भागात सुरू होतो. हा भाग मूत्रमार्गापासून दूर असल्यामुळे आरंभी लघवीचा काहीच त्रास होत नाही. मात्र हाच भाग गुदाशयाला लागून असल्याने डॉक्टर गुदद्वारातून बोटाने तपासतात तेव्हा तेथील टणकपणा हाताला लागतो. ही तपासणी एका मिनिटाची असते. तिला नकार देऊ नये. प्रोस्टेटची शस्त्रक्रिया पूर्वी झाली असली तरी हा धोका संपत नाही, कारण दुर्बिणीतून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत मधला भाग खरवडून काढतात, बाहेरचा तसाच राहतो.

रक्तातील पीएसए ही तपासणी उपयोगी आहे; पण ती वाढली म्हणजे कर्करोगच, असे नाही. ग्रंथीची साधी वाढ, जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली नळी यांनीही ती वाढते. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असेल तर सहा महिन्यांनंतर तिचा आकडा सुमारे निम्मा दिसतो, म्हणून डॉक्टरांना औषधांची पूर्ण यादी दाखवावी. सत्तरीनंतर कोणतेही लक्षण नसताना केवळ रिवाज म्हणून ही चाचणी करण्याचा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जात नाही. लक्षणे असतील तर गोष्ट वेगळी. निदान झाले तरी आशा सोडू नये. हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. संप्रेरक रोखणारे उपचार आजही त्याच पायावर उभे आहेत आणि हाडांपर्यंत पसरलेल्या आजारातही अनेकांना चांगली वर्षे देतात.

शिश्न आणि हृदय

शिश्नात हाड नसते. त्यात स्पंजासारख्या ऊतींचे तीन स्तंभ असतात. दोन वरच्या बाजूस आणि मूत्रमार्गाला वेढणारा तिसरा खाली. ताठरता येते ती या स्तंभांत रक्त भरल्यामुळे. हे रक्त आणणाऱ्या धमन्यांची रुंदी एक ते दोन मिलिमीटर असते, हृदयाच्या धमन्यांची तीन ते चार. मधुमेह, धूम्रपान, वाढलेले कोलेस्टेरॉल यांनी धमन्यांना आतून पुटे चढू लागली की अरुंद धमनी आधी बंद होते. म्हणूनच ताठरता कमी होणे ही काही वेळा हृदयविकाराची काही वर्षे आधी मिळालेली सूचना असते. ‘आता या वयात कशाला’ असे म्हणून ती हसण्यावारी नेऊ नये. त्या निमित्ताने साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यावे.

सिल्डेनाफिल हे औषध १९९८ पासून वापरात आहे आणि योग्य रुग्णाला ते सुरक्षित आहे. परंतु छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ते कदापि घेऊ नये. दोन्ही मिळून रक्तदाब इतका घसरतो की प्राणावर बेतते. संकोचापोटी चोरून आणलेल्या गोळ्यांची माहिती घरात कोणालाच नसते. म्हणून छातीत दुखणाऱ्या पुरुषाने रुग्णालयात पोहोचल्यावर या गोळीविषयी डॉक्टरांना खरे सांगावे. तेथे लाज महाग पडते.

स्वच्छता आणि पुढची कातडी

अंथरुणास खिळलेल्या पुरुषाला आंघोळ घालताना शिश्नाच्या टोकावरील कातडी हळुवार मागे सारून कोमट पाण्याने स्वच्छ करावी, कोरडी करावी आणि आठवणीने पुन्हा पुढे आणावी. ती मागेच राहिली तर टोकाभोवती फास बसतो, सूज चढते आणि काही तासांत रक्तपुरवठा धोक्यात येतो. लघवीची नळी घातल्यानंतर हे विशेषकरून पाहावे. कातडी मागे जात नसेल तर जोर लावू नये. मधुमेही वृद्धात तेथे वारंवार बुरशी होते, कातडीला चिरा पडतात आणि ती घट्ट होते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्या चालू असताना ही स्वच्छता दुप्पट काळजीने करावी. खाज, पांढरा थर, लाली दिसताच डॉक्टरांना सांगावे. गोळी मात्र परस्पर बंद करू नये.

वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे असे प्रसंग

• लघवी पूर्ण बंद होऊन ओटीपोट फुगणे. अशा वेळी अधिक पाणी पाजू नये, पोट दाबू नये.
• मागे गेलेली कातडी पुढे न येणे आणि टोक सुजणे.
• वृषणात अचानक तीव्र वेदना; किंवा सूज आणि ताप.
• मधुमेही व्यक्तीच्या वृषणकोशाची किंवा गुदद्वारालगतची त्वचा काळी पडणे, तेथे दुर्गंधी व तीव्र वेदना. हा संसर्ग तासागणिक पसरतो.
• प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णाला नवी पाठदुखी होऊन पायांतील शक्ती जाणे. काही तासांच्या विलंबाने चालणे कायमचे जाऊ शकते.

लघवीतून रक्त जाणे, मग ते एकदाच गेलेले का असेना आणि दुखत नसले तरी, त्या आठवड्यात तपासून घ्यावे.

घरात हा विषय काढायचा कसा, असा प्रश्न अनेक जण विचारतात. थेट ‘तुम्हाला काही त्रास आहे का’ असे विचारले की ‘नाही’ हेच उत्तर येते. त्याऐवजी ‘रात्री किती वेळा उठावे लागते’, ‘धार पूर्वीसारखी आहे का’, ‘जांघेत काही फुगते का’ असे साधे, नेमके प्रश्न विचारावेत. वडिलांना मुलीसमोर अवघड वाटत असेल तर मुलाने, जावयाने किंवा एखाद्या समवयस्क मित्राने विचारावे. तेही जमत नसेल तर लक्षणे चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हाती द्यावीत. तपासणीच्या वेळी आपण दोन मिनिटे खोलीबाहेर थांबावे आणि ज्येष्ठाला एकट्याने बोलू द्यावे. पुढच्या वेळी रक्तदाब दाखवायला जाल, तेव्हा या तीन प्रश्नांची उत्तरे सोबत न्या आणि ती शेवटी उठताना सांगण्याऐवजी बसल्याबरोबर सांगा.